पॉकेटमधलं औषध

ता. ४ जून

तुझ्या बापाला देवाने कान दिलेत ते नुसते चष्मा अडकवायला. दवाखान्यात माझ्या शेजारी बसला होता आणि घरी येऊन म्हणतो, आई, मला नीट आठवत नाही. पोटचा लेक आहे म्हणून सोडला. राग तुझ्यावर काढते.

चि. मिरीस अ. उ. आशीर्वाद. आता ऐक.

माझी खालची दाढ हलते, हिरडीतून रक्त येतं, हे तुला ठाऊक. तिच्याच आधारावर माझे चार खोटे दात उभे आहेत. ती गेली की मी कायमची पातळ खाण्यावर. दातांच्या डॉक्टरांनी हिरडीच्या आतून खरवडून साफ केलं आणि म्हणाले, पॉकेटमध्ये औषध ठेवलंय, दहा दिवस तिथे हात लावायचा नाही.

घरी येऊन, दवाखान्यातल्या एसीसाठी घातलेला स्वेटर वरूनच चाचपला. डाव्या खिशात काहीतरी कडक लागलं. हात घातला नाही, सांगितलंय ना. आज सहावा दिवस. तुझी आई धुवायला मागते, मी देत नाही. म्हणते, वास येतो. येणारच, औषध आहे.

पण खिशातल्या औषधाने दाढ कशी बरी व्हायची, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. परवा दाढेपाशी पिवळ्या दोऱ्याचा तुकडा मात्र सापडला. शिवताना मी दोरा दाताने तोडते, त्यातलाच असणार. टाचणीने ओढून फेकला.

लोभ ठेव आणि अक्षर मोठं काढ.

आजी

ता. ८ जून

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र औषधांच्या दुकानात गल्ल्यावर बसून वाचलं आणि गिऱ्हाइकासमोर हसत सुटले. मग दोऱ्यापाशी आले आणि हसू गेलं.

अगं, हिरडी दातापासून सुटली की मध्ये फट पडते, तिला डॉक्टर पॉकेट म्हणतात. तो पिवळा दोराच औषध होता. त्यात जंतू मारणारं औषध असतं, ते हळूहळू त्याच जागी झिरपतं. गोळी घेतली तर अंगभर फिरते, हा दाढेशीच बसून राहतो. दहाव्या दिवशी तो डॉक्टरांनीच काढायचा होता. पत्र मिळताच जा आणि टाचणीची गोष्ट लपवू नकोस.

स्वेटर आईला दे. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
मिरी

ता. १३ जून

चि. मिरीस निम्मे आशीर्वाद. उरलेले हसणं थांबवशील तेव्हा.

खिशात बटण निघालं. बारा दिवस मी बटणाची राखण केली.

परवा डॉक्टरांना खरं ते सांगितलं. रागावले नाहीत, नवा दोरा बसवला. मी विचारलं, आता दाढ राहील ना. म्हणाले, मदत होईल. औषध नुसतं मदतीला असतं, खरं काम खरवडून साफ करण्याचं आणि रोज नीट घासण्याचं. तीन महिन्यांनी फट मोजू, कमी झाली तर बरं. बरं म्हणजे राहील का, तर म्हणाले, शक्यता आहे. पाच वेळा विचारलं, पाचही वेळा शक्यताच. मी काय समजायचं? रोज सकाळी जीभ लावून बघते. कधी वाटतं दाढ घट्ट झाली, कधी वाटतं माझी जीभच सैल पडलीय.

त्याहून मोठी गोष्ट सांगायची आहे. दोरा बसवण्याआधी, तोंडात कापूस कोंबलेला असताना डॉक्टरांनी विचारलं, आजी, अजून एकदा बघायचं की काढूनच टाकायची. मी बोलणार कशी? तुझा बाप म्हणाला, काढा, आईचीही सुटका होईल. मी तोंड मिटलं. डॉक्टरांचं बोट आत होतं, त्याला माझा इलाज नाही. तेव्हा कुठे कापूस निघाला आणि मी म्हणाले, राहू दे. का म्हणाले ते विचारू नकोस. मलाही उलगडलेलं नाही. पण दाढ माझी आहे, आणि गोंधळ घालायचा तर तोही माझा मी घालीन.

एकवीस तारखेला दोरा काढायला जायचंय. पुन्हा तेच विचारतील. माझं तुझा बाप ऐकत नाही, तुझं ऐकतो, म्हणून तू त्याला लिही: कापूस निघेपर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचं. उत्तर त्याची आईच देईल.

आजी