पहिली मूठ

आसेगाव,
३ जून १९५९

प्रिय उदयसिंगभाऊ,

रऊफचा सलाम आणि रुपावहिनींना आम्मीची दुआ. इकडे सारे ठीक. काळ्या शेळीला दोन पिल्ले झाली. धनजला सासुरवाडीत जावयाची बडदास्त कशी चालली आहे? दोन महिने झाले, आता मेहुणेही वैतागले असतील. रागावू नकोस. इथे चिडवायला कोणी उरले नाही, म्हणून पत्रातून चिडवतो.

वावराची वखरणी मी मजूर लावून करून घेतली. तू पाहिली असतीस तर पोट धरून हसला असतास. तुझी तिफण आमच्या गोठ्यातच आहे. बियाणे सोडायचे चाडे तेवढे तू काढून नेलेस. वीतभर लाकडी वाडगा, पण तुझ्या वडिलांच्या हातचा. ती रिकामी खाच दिसली की मी गोठ्यातून बाहेर येतो.

इतके लिहिले, आणि लिहायचे ते राहिलेच.

मार्चमध्ये कुळाच्या चौकशीला साहेब वावरात आले. नव्या कायद्याने जो कसतो त्याचे वावर होणार होते. अकरा वर्षे ते तूच कसलेस, आमचा बटईचा, अर्ध्या पिकाचा हिस्सा न मागता घरी आणून दिलास. साहेबांनी विचारले, पेरणी कोण करते? आणि तू छाती फुगवून सांगितलेस, "पयली मूठ आमच्या आम्मीची असते साहेब. तिच्या हाताले बरकत हाये."

साहेबांनी लिहिले, पेरणी मालकाच्या घरची. मग मला विचारले, "बरोबर?" तू माझ्याकडे पाहून हसत होतास. आता रऊफ नीट समजावून सांगेल, असे तुला वाटले. मी होकाराची मान हलवली. वावर माझ्याच नावे राहिले आणि तू गाव सोडलेस.

साहेबांची चूक नव्हती, भाऊ. नऊ एकर हातचे जाताना दिसले आणि माझी नियत फिरली. चौथीपर्यंत एका पाटावर बसलो, तुझ्या डब्यातली भाकर खाल्ली, आणि तुझ्याच तोंडच्या मायेच्या शब्दाने तुला बुडवले. मला माझी फार लाज वाटते.

आम्मीला यातले काही माहीत नव्हते; तू सासुरवाडीला सहज गेला आहेस, असे तिला वाटत होते. गेल्या शुक्रवारी जेवताना म्हणाली, "पेरणी आली, उदयसिंगचं बलावनं काहून नाही आलं?" मग मी सगळे सांगितले. तिने ताट सरकवले. "म्या मूठ टाकत होती ते त्यानं बलावलं म्हणून. पाहुनी होती मी तिथं. पाहुनीले कोनी मालकीन म्हनते काय रे?" तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

काल मंगरुळपीरला साहेबांच्या कचेरीत जाऊन जबाब बदलून दिला. अकरा वर्षांची वहिवाट उदयसिंगची, मूठ फक्त रिवाजाची, असे लिहून सही केली. साहेबांनी चांगलेच झापले. ऐकून घेतले. पंधरा तारखेला तुझी सही झाली की तुझे नाव लागेल. पण त्याआधी पेरणी आहे, तेव्हा पत्र मिळताच नीघ. चाडे विसरू नकोस.

मला माफ कर किंवा नको करू, ते तुझ्या मनावर. आम्मीला मात्र बोलावणे धाड. ती पेटीतले हिरवे लुगडे काढून बसली आहे. मी म्हटले, चल, मी नेतो. तर इतक्या दिवसांनी माझ्याशी एकच वाक्य बोलली, "तू कोन नेनारा? वावर त्याचं हाये."

तुझ्या वावराच्या बांधापलीकडचा,
रऊफ