लाँच सोमवारपासून पूर्ववत सुरू

१७ ऑगस्ट १९८२, मंगळवार
नवी वही, नवा जिल्हा. लातूर जिल्हा झाला. उदगीर तालुका उस्मानाबादेतून सुटून लातुरात आला, म्हणजे आमचा तलाव आला, तलावातली लाँच आली आणि मीही आलो. गाव बदललं नाही, क्वार्टर बदललं नाही, पण छाती दोन इंच फुगल्यासारखी वाटते.

आजच हुकूम आला. गेल्या पंधरवड्यात लाँच तलावाच्या मधोमध असताना कुणीतरी मगर मगर ओरडलं. सगळे पॅसेंजर डावीकडं धावले आणि लाँच कलली. मगर नव्हती, बाभळीचा ओंडका होता. नुकसान: एक कोंबडी, अर्धं पोतं तूरडाळ. तरी हुकूम असा की लाइफबोट मिळून तिची तपासणी होईपर्यंत फेरी बंद. अंमलबजावणी माझ्याकडं! अकरा वर्षं धरणाच्या मोजपट्टीवरचे आकडे उतरवणारा मी आजपासून सुरक्षाप्रमुख. हुकुमात 'प्रमुख' शब्द नाही, 'संबंधित कर्मचारी' असा आहे. अर्थ तोच.

फाटकावर स्वतःच्या हातानं बोर्ड रंगवला: 'लाँच सोमवारपासून पूर्ववत सुरू.' सिंधुनं विचारलं, कोणत्या सोमवारपासून. बायकोला कामाची घाई कळत नाही.

संकल्प: लाइफबोट आठ दिवसांत आणणे. पोहायला शिकणे. (सुरक्षाप्रमुखाला पोहता येत नाही, हे वर कळता कामा नये.)
मोजपट्टी: २३ फूट.

२३ ऑगस्ट, सोमवार
सुरू झाली नाही. माझा दोष नाही. अर्ज जुन्या जिल्ह्याच्या नौका-तपासणी शाखेत पोचला, ते म्हणाले, तुम्ही आता आमचे नाही.

धक्क्यावर अकरा पॅसेंजर आले होते. त्यांना सुरक्षेवर वीस मिनिटं बोललो. दहा जण सात मिनिटांतच उठून गेले. एक बाई शेवटपर्यंत बसली. ही सरजाबाई. धरण झालं तेव्हा गाव उठलं, निम्मं या काठाला वसवलं, निम्मं पलीकडं. सरजाबाई इकडं आली, तिची थोरली बहीण पारूबाई तिकडं गेली. लाँचनं वीस मिनिटं. रस्त्यानं जायचं तर तीन एसट्या बदलायच्या आणि वर दीड कोस पायी. सरजाबाईचे गुडघे गेलेत. दर सोमवारी पहिल्या फेरीनं बहिणीकडं जायची, शेवटच्या फेरीनं यायची. पारूबाई आषाढापासून अंथरुणावर आहे.

पुढच्या सोमवारी नक्की, असं सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही म्हणताव तर बरं हाय सायेब. बरं वाटलं. जनतेचा ऑफिसवर विश्वास आहे.

६ सप्टेंबर, सोमवार. दुपार
नाही. फाइल जुन्या जिल्ह्यातून निघाली, नव्यात पोचली नाही. मधल्या मधे कुठं असेल? एसटीनं पाठवली असती तर मीच उतरवून घेतली असती.

पोहणं सुरू. बाजेवर पालथं पडून हातपाय मारणे, रोज शंभर. सिंधु म्हणते, बाज मोडली तर तिला कुठली लाइफबोट? दुर्लक्ष केलं.

१४ सप्टेंबर, मंगळवार
माणिकप्पा येऊन गेला. लाँचचा ड्रायव्हर. माणूस चांगला, पण शिस्त नाही. हळूच म्हणाला, उद्या सकाळी इंजिन फिरवायचंच हाय, न्हाईतर गंजून जाईल. तवा म्हातारीला बसवतो, तिकडं उतरवतो, कोण बघायलंय?

मी त्याला समोर बसवून समजावलं. आज एक म्हातारी, उद्या अख्खं गाव. समजा बुडाली? तो म्हणाला, सायेब, हितं पाणी यायच्या आधीपासून ती हितून जातीया. हे उत्तर सुरक्षेच्या चौकटीत बसत नाही. लाँचची किल्ली काढून घेतली आणि करदोड्याला बांधली. रात्री टोचते. जबाबदारी अशीच टोचणार.
मोजपट्टी: २१.

४ ऑक्टोबर, सोमवार
पाऊस गेला तो गेलाच. तुरी वाळल्या. आपला विषय तो नाही.

नव्या शाखेत स्वतः जाऊन आलो. बोर्ड लागलाय, टेबल यायचंय. अधिकारी नेमलेत, रुजू व्हायचेत. शिपाई म्हणाला, जिल्हा नवा हाय, जरा दम खावा. पालथ्या खोक्यावर चार तास दम खाल्ला. पण वातावरण आशादायक. शाखेचा रबरी शिक्का आलेला आहे, मी डोळ्यांनी पाहिला.

गावी येऊन धक्क्यावर जाहीर केलं, कार्यवाही अंतिम टप्प्यात. ऐकायला सरजाबाई एकटीच होती. तिनं फडक्यातली भाकरी सोडली आणि निम्मी मला दिली. पारूसाठी आणलेली, म्हणाली, आता शिळी हुईल.
मोजपट्टी: १७.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार
आज खऱ्या अर्थानं सुरक्षाप्रमुखाचं काम केलं.

पारूबाईची लेक पंचशीला आली. किनवटकडं आश्रमशाळेत मास्तरीण आहे, दिवाळीच्या सुटीत आईकडं आली होती. तीन एसट्या बदलून इकडं आली ती मावशीला न्यायला. गाडीबैल ठरवलं होतं, खाली गोधडी अंथरली होती, शेवटच्या दीड कोसासाठी तिकडंही गाडी उभी केली होती. म्हणाली, आईनं अन्न टाकलंय, मावशीचं नाव घ्यायलीय.

मी मध्ये पडलो. या वयात, या गुडघ्यांनी, तीन एसट्या! खिशातून नांदेडच्या वर्कशॉपचं पत्र काढून दाखवलं. लाइफबोटीचं काम संपत आलंय असं त्यात स्वच्छ लिहिलंय. सोमवारी बोट येईल, मंगळवारी मावशी वीस मिनिटांत आईजवळ. पंचशीलानं फाटकावरच्या बोर्डाकडं पाहिलं आणि म्हणाली, साहेब, ह्याचा रंग उडालाय. मी म्हटलं, रंगाच्या मागणीचं इंडेंट केलेलं आहे.

सरजाबाई गाडीत चढली होती, ती उतरली. भाचीला म्हणाली, सरकारी माणूस हाय, उगं कशाला म्हणंल? चार दिस तर हायत. पंचशीलाला सोमवारी शाळेत हजर व्हायचं होतं. रिकामी गाडी घेऊन गेली. जाताना माझ्याशी बोलली नाही. शिकलेल्या मुलींना राग लवकर येतो.

नोंद: एका वयस्क पॅसेंजरचा धोक्याचा प्रवास टाळला.

२० डिसेंबर, सोमवार
आली! लाइफबोट आली!

लाल रंग, जाड पत्रा, सहा माणसांची. ट्रकमधून उतरवताना डोळ्यांत पाणी आलं. एकच शंका. बुडाशी पितळी तोटी बसवलेली आहे. ट्रकवाल्याला विचारलं. तो म्हणाला, वर्कशॉप पाण्याच्या टाक्या करतंय, मिस्त्री कशालाबी तोटी बसवतो. मी वहीत 'ड्रेन व्हॉल्व्ह' असं लिहून घेतलं. मोठ्या जहाजांना असणारच.

कवायत घेतली. बोट चिंचेखाली ठेवून सहा जण बसवले, शिट्टी मारली, सगळे शांतपणे उतरले. एकही बुडाला नाही. सरजाबाईनं विचारलं, मग उद्या जायचं ना? तपासणी राहिलीय म्हटलं. ती मान हलवून बोटीतच बसून राहिली. सावली होती.
मोजपट्टी: ९.

१० जानेवारी १९८३, सोमवार
तपासणीची तारीख मिळाली, २४ जानेवारी. लेखी! सिंधुला कागद दाखवला. तिनं वाचला, परत दिला आणि म्हणाली, अहो, तलावाकडं पण एकदा बघा.

बघितलं. माणिकप्पा म्हणतो, लाँचचं बूड टेकलंय. मी म्हणतो, लाँच स्थिर आहे. सुरक्षेच्या दृष्टीनं स्थिर लाँच केव्हाही चांगली.

२४ जानेवारी, सोमवार
तपासनीस आले नाहीत. झेंडावंदनाच्या तयारीत आहेत. नव्या जिल्ह्याचा पहिला प्रजासत्ताक दिन, मी समजू शकतो.

पाणी मागं सरकलंय. काठापासून दोनशे पावलं नुसता गाळ, मग पाण्याची पट्टी, पलीकडं पुन्हा गाळ. माणिकप्पानं बांबू खुपसून बघितला, कमरेपर्यंत गेला. म्हणजे लाँच चालायला पाणी कमी आणि माणूस चालायला पाणी जास्त. ही अवस्था कोणत्याही परिपत्रकात नाही. परिपत्रकात नसलेली अवस्था तात्पुरतीच असते.

सरजाबाईला आता एसटीनं जा म्हणायचं मनात होतं. पण ती थंडीपासून धड उभी राहत नाही, एसटीची पायरी तिला चढवणार नाही. आणि तसं म्हणायचं म्हणजे आधीचं सगळं... नको. पुढचा सोमवार बघू.

१४ फेब्रुवारी, सोमवार
वस्तीच्या विहिरी आटल्या. पहिला टँकर आला. ड्रायव्हर घाईत, गावात हौद नाही. सरपंच हणमंतराव इकडंतिकडं बघत होते. त्यांची नजर चिंचेखालच्या लाइफबोटीवर गेली.

मी आडवा आलो. शिट्टी वाजवली. हे सुरक्षासाधन आहे, दुसऱ्या कामाला वापरता येणार नाही, असं ओरडून सांगितलं. हणमंतराव शांतपणे म्हणाले, आप्पासाहेब, सरका बाजूला, न्हाईतर तुम्हालाबी भिजवतील. टँकर लाइफबोटीत ओतला. बायकांनी तोटीखाली घागरी लावल्या. रांगेत तिसरी सिंधु होती. घरात दोन दिवस पाणी नव्हतं म्हणे. मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी शांतपणे विचार केला. जलरोधक चाचणी आपोआप झाली. बोटीतून थेंबभर गळालं नाही. शेरा: उत्तीर्ण.

३ मार्च, गुरुवार
सकाळी सरजाबाई धक्क्यावर होती. आज सोमवार नाही म्हणून सांगायला गेलो. ती म्हणाली, तिकडं मान्सं जमायलीत सायेब, जरा बघता का?

ऑफिसची दुर्बीण आणली. पलीकडच्या काठाला पारूबाईच्या घरापुढं गर्दी होती. पांढरे कपडे. पंचशीला दारात बसली होती, बायका तिला धरून होत्या. स्पष्ट दिसत होतं. दुर्बीण चांगली आहे.

सरजाबाईनं विचारलं, काय दिसतंय? मी म्हटलं, उन्हानं नीट दिसत नाही.

तिनं चप्पल काढली आणि गाळात पाय टाकला. दुसरं पाऊल टाकलं तेव्हा मांडीपर्यंत रुतली. हाक मारायला लागली. पारू, ए पारू. माणिकप्पानं फळी टाकून तिला ओढून काढलं. मी काठावर उभा होतो. शिट्टी तोंडात होती, ती कधी घातली आठवत नाही.

तिकडून लोक निघाले, टेकाडामागं गेले. निरोप घेऊन पलीकडच्या वस्तीतला नरसिंग तीन एसट्या बदलून आला तेव्हा सूर्य मावळत होता. तोवर सगळं आटोपलं होतं.

७ मार्च, सोमवार
धक्क्यावर गेलो नाही. अंग कसकसतंय.

शांतपणे विचार केला पाहिजे. पारूबाईचं वय झालं होतं. लाँच चालू असती तरी ती गेलीच असती. शेवटी भेट झाली असती, एवढाच फरक. बहिणी बहिणी चाळीस वर्षं भेटतच होत्या. फाइल मी अडवली नाही. तोटी मी बसवली नाही. पाऊस माझ्या हातात नाही.

हे सगळं सिंधुला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, आणि गाडीतून कुणी उतरवलं? मी वही मिटली.

१८ एप्रिल, सोमवार
तपासनीस आले. तलाव पूर्ण कोरडा, भेगा पडलेल्या. साहेब बूट न काढता चालत लाँचपर्यंत गेले आणि चालत परत आले. लाइफबोटीला बायकांची रांग लागली होती. साहेबांना तहान लागली होती, तोटीखाली ओंजळ धरून पाणी प्यायले आणि सही केली. 'लाइफबोट योग्य. लाँच सुरू करण्यास हरकत नाही.' तलावात पाणी आहे का, असा रकाना त्यांच्या फॉर्मात नव्हता. मी विचारून पाहिलं.

परवानगी हातात आली तेव्हा सरजाबाई काठी टेकत तलावात उतरत होती. फडक्यात काहीतरी बांधलेलं. आता चालत जाता येतं. धडधाकट माणसाला तास, तिला दुपार होईल. मी छत्री घेऊन मागं धावलो. हात धरू का म्हटलं, थोडं थांबलात तर माणिकप्पाला गाडी काढायला सांगतो म्हटलं. ती थांबली नाही. ऱ्हाऊ द्या सायेब, म्हणाली, आता काय घाई न्हाई.

राग नव्हता तिच्या आवाजात. असता तर बरं झालं असतं. मला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. लिहून ठेवतो, कारण बोलता येणार नाही.

२ मे, सोमवार
नव्या शाखेकडून वार्षिक सुरक्षा अहवालाचा फॉर्म आला. टेबल आलेलं दिसतंय.

सकाळीच भरायला बसलो. हुकूम झाल्यापासूनच्या फेऱ्या: शून्य. पॅसेंजर: शून्य. अपघात: शून्य. सुरक्षेच्या दृष्टीनं जिल्ह्यात पहिला नंबर यायला हरकत नाही. पुढचा रकाना जीवितहानी. पेन्सिलनं शून्य लिहिलं.

जेवण झाल्यावर खोडलं. मग नियम काढून बघितला. पॅसेंजर म्हणजे लाँचमध्ये चढलेली व्यक्ती. पारूबाई चढली नव्हती. तिचं नाव माझ्या रजिस्टरात कुठंच नाही. नियमानं ती मोजता येत नाही. पुन्हा शून्य लिहिलं. पुन्हा खोडलं. कागद तिथं पातळ झालाय, आणखी एकदा खोडलं तर फाटेल.

रकाना कोरा ठेवून फॉर्म पाठवतोय. विचारलं तर काय सांगायचं, ते अजून सुचलेलं नाही.