व्हिजिटिंग संडे आणि माझी अंडा-चपाती

३ ऑक्टोबर
हेडमिस्ट्रेस टिबेनकाना मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, बालिरुनो सर, पुढच्या वर्षी उद्योजकता ऐच्छिक. दहा मुलांनी तरी घेतली नाही तर विषय बंद, आणि तुम्ही शेतीच्या तासाला कुदळ धरा. हसूच आलं. दहा? रांग लागेल! उद्यापासून पहाटे पाचला उठून planning.

४ ऑक्टोबर
उठलो नाही. रात्री विचार फार झाला होता.

७ ऑक्टोबर
वर्गात 'अपयशाला घाबरू नका' शिकवलं. मागून कुणीतरी विचारलं, सर, तुमच्या कोंबड्यांचं काय झालं? रोग पडला, असं सांगितलं. घरी बायकोला, कौधाला, हे सांगायला नको होतं. म्हणाली, कसला रोग? शेजारी राहायला गेल्या. तिथे दाणे मिळतात.

१० ऑक्टोबर
सुचलं! व्हिजिटिंग संडे! बोर्डिंगच्या मुलांना भेटायला अख्ख्या बुसोगा प्रांतातून आईबाप येणार. वर्गाने अंडा-चपातीचा stall लावायचा. नफा बघून मुलं विषयावर उड्या टाकतील.

आमची नाइगागा याच वर्गात आहे. वर्गात बाप नाही, सर, हा नियम. ती उठून म्हणाली, सर, त्या दिवशी सगळ्या आया पातेली भरभरून आणतात, चपाती कोण घेणार? Negative वृत्ती. आईवर गेली आहे. दरवर्षी त्याच पातेल्यांतलं मी जेवतो, मला market कळत नाही?

१९ ऑक्टोबर, रविवार, सकाळी
शेगड्या पेटल्या. मुलांनी पहाटेपासून चपात्यांचा ढीग लावला. बॅनर झकास.

दुपारी
तुफान गर्दी. आंब्याखाली चटया पसरल्या आहेत. शिजवलेल्या केळ्यांचं मटोके, कोंबडी, डुकराचं मटण. आमच्याकडे अजून कुणी नाही. जेवण उरकलं की वळतील.

दुपारी, नंतर
एक बाई थेट stall कडे आली. मी अंडं फोडलंसुद्धा. तिच्या हातात भरलेलं ताट होतं. म्हणाली, मास्तर, सकाळपासून उन्हात उभे आहात, दोन घास खाऊन घ्या. नाही म्हणणं बरं दिसत नाही. मग दुसरी आली. मग तिसरी. Customer contact उत्तम, विक्री शून्य.

संध्याकाळी
चपात्या वाकेनाशा झाल्या. एका मुलाने सुचवलं, मुलींच्या डॉर्मिटरीचं छप्पर गळतंय, तिथे बसवू. सगळे हसले. मीही. तवे नाइगागाने एकटीने घासले. मला उठवत नव्हतं, जेवण जास्त झालं होतं.

२० ऑक्टोबर
'अपयश हेच भांडवल' शिकवलं. निम्मा वर्ग खिडकीतून समोरच्या शिवणकामाच्या वर्गातल्या मशिनी बघत होता. मॅडमना सांगितलं, फळ यायला वेळ लागतो, पी हळद आणि हो गोरी असं नसतं. त्या म्हणाल्या, सर, हळद शेतीच्या तासाला लावा.

२८ नोव्हेंबर
विषय निवडायचा दिवस. नवा टाय. मॅडमनी सगळ्या वर्गासमोर विचारलं, उद्योजकता कोण घेणार? मी फळ्यापाशी उभा. मुलं बाकांकडे बघत बसली. मॅडमनी पुन्हा विचारलं. तेव्हा एक हात वर आला. नाइगागा! रक्त शेवटी रक्त. एकाने विषय वाचत नाही, मान्य. पण ऊर भरून आला.

घरी चालत येताना तिला म्हटलं, विषय गेला तर जाऊ दे, तुला मी घरी शिकवतो. ती चपलेने माती उकरत म्हणाली, बाबा, मी शिवणकाम लिहून दिलंय. कालच.

फार लागलं. मग हात कशाला वर केलास, असं विचारलं.

म्हणाली, तुम्ही फार वेळ एकटे उभे होतात.