कुठलंही भांडं चालेल

गुरुवार, १४ नोव्हेंबर १९९१

प्रिय क्लेम,

तुझी तब्येत विचारत नाही. ती परवाच्या वर्तमानपत्रात छायाचित्रासकट आली आहे. माझी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, संस्कृतच्या वर्गात यंदा आठ विद्यार्थी आहेत आणि व्याकरणाच्या तासाला त्यांतले तीन जागे असतात.

काल इस्पितळात आलो तेव्हा तू झोपला होतास. नर्स म्हणाली, "जबडा तारांनी बांधलाय. सहा आठवडे नळीतून सूप." मी म्हटलं, "अरुंद नळीवर त्यांची पहिल्यापासून श्रद्धा आहे हो." ती हसली नाही. पण परतताना लक्षात आलं, की चोपन्न वर्षांत पहिल्यांदाच तुला माझं बोलणं मध्येच तोडता येणार नाही. संधी सोडवत नाही, म्हणून हे पत्र.

आधी कौतुक, कारण ते खरं आहे. कोळशाची पोती वाहणाऱ्याचा मुलगा शिष्यवृत्तीवर शिकतो, थॉर्नेसच्या कारखान्यात इंजिनिअर होतो, पुढे अणुशास्त्राचा प्राध्यापक होतो आणि 'रिगबीचे तक्ते' लिहितो. कुठलं द्रावण किती रुंदीच्या भांड्यात ठेवावं, हे त्यात पाहिल्याशिवाय आज कुणी युरेनियमला हात लावत नाही. त्या तक्त्यांनी माणसं वाचवली. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही.

शुक्रवारचं निरोपाचं व्याख्यानही छान रंगलं होतं. टेबलावर एकीकडे काचेची उंच नळी, दुसरीकडे जस्ताची बादली, दोन्हींत लालभडक सरबत. अरुंद नळीत हे द्रावण म्हणजे गरीब गाय, तू सांगत होतास, कारण न्यूट्रॉन कडेने निसटून जातात. तेच पसरट भांड्यात ओता, त्यांना बाहेरची वाट सापडत नाही. मग एक निळा लखलखाट, आणि संपलं. नंतर तुझा ठेवणीतला विनोद: "आमच्याकडे एक जॉन्टी होता. देवाने त्याला डोकं दिलं होतं आणि कारखान्याने बादली. दोन्ही सारखीच पोकळ."

दोनशे माणसं हसली. मीही हसलो, सवयीने.

जॉन्टीचा मुलगा कीथ हसला नाही. तो चौथ्या रांगेतून सावकाश खाली आला, जणू शंका विचारायला येतोय. भरलेली बादली कडीला धरून त्याने फिरवली. पहिला घाव जबड्यावर. खडू मोडावा तसा आवाज झाला. दुसरा नाकावर. तिसऱ्याला तू हात आडवा घातलास, तेव्हा बोटं गेली. सरबत कुठलं आणि रक्त कुठलं, ते फरशी पुसणारीलाच कळलं असेल. तुझा एक दात घरंगळत माझ्या बुटापाशी आला.

मी पहिल्या रांगेत होतो. मी उठलो नाही.

मंगळवारी कोठडीत जाऊन कीथला भेटलो.

"मास्तर, तुम्ही अगदी समोर होता," तो म्हणाला. "उठला का नाहीत?"

"गुडघे."

"तीन घाव बसेपर्यंत?"

"फारच वाईट गुडघे आहेत."

तो फिस्सकन हसला. मग म्हणाला, "माझी लेक इंजिनिअरिंगला आहे. तुमच्या भावाचं पुस्तक घेऊन घरी आली. तिसरं प्रकरण, चौथं उदाहरण: जॉन्टीने बादलीत किती लिटर ओतल्यास तो मरेल? पोरीने बरोबर सोडवलं. मग विचारते, बाबा, आजोबांचं नावही जॉन्टीच होतं ना?"

मी मान हलवली.

"बाप माझा मूर्ख होता, मास्तर. चौकशीच्या अहवालात छापलंय, मला मान्य आहे. पण तीस वर्षं त्याच्या मरणावर पोरांना मार्क द्यायचे? सोमवारी गुन्हा कबूल करून टाकतो. वकील म्हणतो, तीन वर्षं तरी आत."

'मला मान्य आहे' म्हणाला, क्लेम.

चौकशीसाठी तू लिहून दिलेल्या त्या अहवालात एक वाक्य आहे: 'कामगाराने कुणालाही न विचारता अयोग्य भांडे वापरले.' वाक्य शुद्ध आहे. मी व्याकरणाचा माणूस, मला त्यात फक्त कर्ता चुकलेला दिसतो.

तीस वर्षांपूर्वी थॉर्नेसला मी जॉन्टीचा मदतनीस होतो. त्या दिवशी दुपारचे तीन वाजले होते. द्रावणाची नळी गळायला लागली. जॉन्टी मला म्हणाला, "अरुंद बाटल्या पलीकडच्या कोठीत आहेत, जाऊन यायला वीस मिनिटं. साहेबांना विचार." मी फोन केला. साहेब म्हणजे तू. तू चहा पीत होतास, तोंडात बिस्कीट होतं. तू म्हणालास, "अरे विल्फ, एवढ्यासाठी फोन? कुठलंही भांडं चालेल." मी ते जसंच्या तसं सांगितलं. जॉन्टी म्हणाला, "थोरला म्हणाला ना? मग झालं. शिकलेला माणूस आहे."

त्याने बादलीत ओतलं. मरायला नऊ दिवस लागले त्याला. दहाव्या मिनिटाला ओकला, चौथ्या दिवशी हाताची कातडी हातमोज्यासारखी सुटून चादरीला राहिली. सातव्या दिवसापर्यंत बोलत होता. मला विचारायचा, "ते निळं काय होतं रे, विल्फ? सुंदर होतं."

चौकशीच्या खोलीबाहेर तू माझा टाय सरळ केलास आणि म्हणालास, "फोन झालाच नाही." मी आत जाऊन तेच म्हटलं. त्यानंतर तू सबंध आयुष्य योग्य भांडं शोधण्यात घालवलंस आणि मी दोन हजार वर्षं मागे पळालो. संस्कृतात 'पात्र' म्हणजे भांडंही आणि लायक माणूसही. दरवर्षी हे वर्गात सांगताना माझा आवाज बसतो. पोरांना वाटतं, सर्दी.

सोमवारी दहा वाजता मी न्यायालयात उभा राहणार आहे. फोन झाला होता, हे सांगणार. आणि दुसरंही, जे तुलासुद्धा ठाऊक नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस. अहवालात लिहिलंय, बादली 'तिथे होती'. नव्हती, क्लेम. ती फरशी पुसण्याच्या मोरीत होती. जॉन्टीने द्रावणाच्या तोटीवरचा हात काढला नव्हता. बादली मी धावत जाऊन आणली, आतलं पाणी ओतून दिलं आणि त्याच्या पायाशी ठेवली. मग लांब उभा राहिलो. म्हणून मी आहे.

कीथने चुकीच्या भावाला मारलं असं मी म्हणत नाही. निम्म्याच भावांना मारलं, एवढंच.

तुला बोलता येत नाही, पण डावा हात शाबूत आहे. नर्सकडे कागद मागून ठेवला आहे. फार नको, अहवालातलं ते एक वाक्य पुन्हा लिही, या वेळी खरा कर्ता घालून. मी रविवारी येतो. कागद कोरा असला तरी सोमवारी मी जाणारच.

बादली आणून देणारा,
तुझा भाऊ
विल्फ