पंगतीबाहेरची चार घरं

९ फेब्रुवारी १९८१, सोमवार
साकोलीहून सकाळच्या गाडीने ताईकडे आलो. भाऊजींचा पाय प्लास्टरमध्ये. सायकलसकट बोडीच्या, गावच्या तळ्याच्या, पाळीवरून घसरले. गावचे मास्तर म्हणून जनगणना त्यांच्याच गळ्यात, आणि हे खाटेवर. ताईने पत्रात लिहिलं होतं, "तू तसाही रिकामाच आहेस." खोटं नाही. दहावी दोनदा बुडाली. गोंदियाला बिडीच्या गोदामात चार महिने, पवनीकडे नाटकवाल्यांचे पडदे ओढण्यात एक हिवाळा, मधे कारध्याला नुसता नदी पाहत आठ दिवस.
भाऊजी म्हणाले, "घरोघर जाऊन तू लिहून आण, सही मी करीन. बाहेर वाच्यता नाई पायजे." असं चालत नाही. त्यांना माहीत आहे, मलाही.

१० फेब्रु.
शाळेतला जिल्ह्याचा नकाशा आणवला, खाटेवर पसरला. वैनगंगा, तळ्यांचे निळे ठिपके, पूर्वेकडे सगळं हिरवं. मी बोट ठेवत गेलो: इथे राहिलो, इथे गाडी चुकली, इथे उपाशी झोपलो. अर्धा जिल्हा माझ्या पायाखालचा. भाऊजींनी ऐकून घेतलं. मग, "आपली टोली दाखव."
ती छोटी वस्ती शोधली. नाही.
"बोडीच्या पलीकडं हाये, अर्धा कोस. नकाशात नाई म्हणून काय झालं. शेवटी कर, पन कर."

१३ फेब्रु.
गाव चालू आहे. माणसागणिक एक चिठ्ठी. अक्षर माझं बरं आहे, एवढं एकच. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, शेजारीण ओरडून सांगते, मग दोघी हसतात. वय कोणालाच ठाऊक नाही. एक म्हातारा म्हणाला, "मले दोन डाव लिही गा. मागच्या खेपेले राहून गेलो होतो."
त्याला एकदाच लिहिलं. इमानदारी म्हणजे इमानदारी.

१७ फेब्रु.
गाव संपलं. टोलीतल्याच झिंगर कोतवालाच्या हाती तिकडे निरोप दिला: उद्या-परवा येतो, कोणी कामावर जाऊ नका.

१८ फेब्रु.
कागदांची पिशवी खांद्याला लावून निघालो. पाळीवर तीन रेंग्या, हलक्या बैलगाड्या, भेटल्या, बैलांच्या गळ्यात घुंगरं, शिंगांना रंग. शंकरपटाला, बैलांच्या शर्यतीला, निघाले होते. "चाल गा गुर्जीचा साळा, दोन जोड्या पाहून वापस ये."
दिवसभर तिथेच. एक पांढरी जोडी अशी सुटली की दानीच्या, त्या धावपट्टीच्या, दोन्ही बाजूंची माणसं गप्प झाली. टोली उद्या.

१९ फेब्रु.
आजही पट. पांढरी जोडी हरली, उगीच वाईट वाटलं.
झिंगर कोतवाल तिथेच आंब्याखाली चहा पीत बसलेला. विचारलं, टोलीत किती माणसं? त्याने डोळे मिटले आणि धडाधड घरं सांगितली. कर्ता, बायको, पोरं, सुना, कोण लुळा, कोण शाळेत जातो. एक नाव अडलं नाही.
"इतकं पाठ कसं?"
"पंगतीचं आवतन मीच देतो ना बाप्पा. ज्या ओळीनं जेवाले बसतात त्या ओळीनं सांगून राहिलो."
मला भारी गंमत वाटली. माझ्याजवळच्या सरकारी घरयादीत चार घरं उरली, त्यांचं काय? "ते रिकामे हायेत. कुलपं पाहून घे." मी पाहिली नाहीत. 'रिकामं' असं चारदा लिहिलं. वयं अंदाजे त्याने सांगितली, काही मी. बशीखाली कागद दाबून सगळी टोली लिहिली. चहाचा एक गोल डाग पडला आहे.

२० फेब्रु.
भाऊजींनी एकेक चिठ्ठी पाहून सही केली. "टोलीत गेला होता ना?" हो म्हणालो. तोंड धुताना म्हणालो, म्हणजे तोंड त्यांच्याकडे नव्हतं.

२७ फेब्रु.
सुपरवायझर येऊन गठ्ठा घेऊन गेले. आमचं काम सगळ्यांत आधी. भाऊजींचं कौतुक केलं, पाय मोडूनही केलं म्हणून. ताईने कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. जन्ममृत्यूची फेरी राहिली, त्यासाठी ते पाच तारखेला परत येणार.

२८ फेब्रु.
लिहितो. लिहायला नको वाटतं.
दुपारी गळ घेऊन नाल्याच्या कडेने निघालो. पाणी कुठे आहे ते पाहत पाहत टोली मागे राहिली, नाला ओलांडला. तिथे चार झोपड्या. भिंतींची माती अजून नवी. अंगण सारवलेलं, चौकटीला गेरूचा पट्टा.
एक म्हातारी बाई पुढे आली. भागरताबाई. "मोजनीवाला बाबू होय का?"
"नाही. मी पाहुणा. गुरुजींकडे."
पटकन निघालं तोंडातून. विचार करावा लागला नाही, हेच वाईट.
"मग गुर्जीले सांगजो. निरोप टोलीतून कानावर आला, म्हनून दोन दिवस घरीच होतो आमी. बांबू काटाले गेलो नाई. दोन दिवसाची मजुरी गेली, जाऊ दे. पन बाबू आलाच नाई."
तिचा मुलगा तुळशीराम टोपली विणता विणता बोलला. तिच्या नातीने दुसऱ्या जातीत लग्न केलं. जातपंचायतीनं चारही भाऊबंदांची घरं वाळीत टाकली. पंगत बंद, टोलीच्या विहिरीवर पाय ठेवणं बंद. मागच्या उन्हाळ्यानंतर इकडे झोपड्या बांधल्या. तिकडची घरं कुलूप लावून.
चार कुलपं. रिकामं, रिकामं, रिकामं, रिकामं.
पाणी मागितलं नव्हतं तरी आणलं. नाल्याच्या रेतीत खड्डा केलेला, झिरी म्हणतात, त्यातलं. लुगड्याच्या पदरातून गाळून दिलं. तरी दाताला रेती लागली.
भागरताबाई म्हणाली, "आत्ता बरं हाये. चैतात झिरी सुकीन, मंग बोडीचा गाळ. ग्रामसेवक म्हनते, मोजनीत मानसं दिसली तं बोरिंग मागता येते. नाई दिसली तं कोनाले मागू? म्हनून म्हनतो, सांगजो. तुले लिवता येते ना?"
येतं म्हणालो.
"मंग लिवून ने. इसरशीन."
वही हीच होती खिशात. ती एकेकाला पुढे ढकलत गेली, मी लिहीत गेलो. शेवटी झोळीतलं पोर दाखवलं. "याचं नाव ठेवलं नाई अजून. चालते का?"
चालतं म्हणालो. एकोणीस माणसं. मागच्या दोन पानांवर आहेत.
निघताना तुळशीराम म्हणाला, "पाहुन्या, आमची मोजनी तूच करून टाकली." सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची आता शिसारी येते.

१ मार्च
दिवसभर अंगात कसकस आहे असं सांगून पडून. ताईने काढा दिला. तोही घेतला.
झिंगर पाणी प्यायला आला होता. त्याला बाहेर गाठून म्हणालो, ती माणसं नाल्यापलीकडे आहेत हे सांगितलं काहून नाही? तो गोंधळला. "तू टोली इचारली. त्याहीले आवतन देत नाई मी आता, तं माह्या ध्यानात कायले येतीन? आन घरं रिकामे हायेत का नाई?"
आहेत. त्याने खोटं काही सांगितलंच नाही.

२ मार्च
भाऊजींना सांगितलं. पट, आंबा, चहा, सगळं. पाहुणा म्हणालो तेही.
बराच वेळ ते प्लास्टरची कड खरडत राहिले.
"गेलाच नाई तू?"
"नाही."
"मी विचारलं तेव्हा?"
मी खाली पडलेली काठी उचलून भिंतीला लावली.
"किती मानसं?"
"एकोणीस. एक बिननावाचं."
एवढ्यात ताई आत आली. तिने ऐकलं होतं. "आता काय करता? कागद गेले. यांची सही हाये त्यावर. घरी बसवतीन यांना. माह्या तीन लेकरायचं काय?" मग माझ्याकडे वळून, "तुले बोलावलं हीच माझी चूक."
ती ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू बोलली.

३ मार्च
मी म्हणालो, दोष माझ्यावर घेतो. भाऊजी हसले, कडू. "माह्या जागी तू फिरला हेच तर लपवायचं आहे. रिकाम्या लिहिलेल्या घरायची मानसं निघाली की चौकशी होईन. तुझं नाव घेतलं की मी संपलो. नाई घेतलं तं ते चार घरं."
पिशवी भरली. साकोलीला सहाची गाडी. स्टँडपर्यंत गेलो, गाडी आली, गेली. वाहकाने दोनदा विचारलं. याआधी अशा वेळी नेहमी चढलो आहे. गोंदियाचं गोदाम, पवनीचे पडदे, सगळीकडून असाच. आज चढलो नाही म्हणजे फार काही केलं असं नाही. स्टँडवर बसून राहिलो एवढंच.

४ मार्च
भागरताबाई बाजारात दिसली. मी भांड्यांच्या दुकानाआड उभा राहिलो. ती कोणाला तरी सांगत होती, "गुर्जीच्या पाहुन्यानं लिवून नेलं. होईन आता." आडोशाला उभ्या माणसाचं गुपचूप ऐकणं, यापेक्षा खाली काय असतं माहीत नाही.
भाऊजींनी विचारलं, वही कुठे आहे? दिली. ती दोन पानं त्यांनी तीनदा वाचली. वयं कुठे कुठे दुरुस्त करून घ्यावी लागतील म्हणाले. मास्तर शेवटी. वही परत दिली, फाडली नाही.

५ मार्च, गुरुवार
सुपरवायझर अकराला आले. गावात दोन जन्म, एक मृत्यू, तेवढं मांडून झालं. मग सहज विचारलं, "बाकी कोणी राहिलं तर नाही ना गुरुजी? गठ्ठा आज तहसीलला जातो."
भाऊजी म्हणाले, "आधी जेवून घ्या."
आत पानं मांडली आहेत. मी पाणी वाढलं. भाऊजी काठी टेकत माझ्याजवळून गेले तेव्हा हळूच म्हणाले, "मी तुले अडवत नाई. जा असंही म्हनत नाई."
म्हणजे माझ्यावर आलं. आजवर माझ्यावर कोणी काही टाकलं नव्हतं, टाकलं ते मी पटावर सोडून आलो.
छपरीत बसून हे लिहितो आहे. आतून बोलणं ऐकू येतं, वांग्याची भाजी चांगली झाली म्हणतात. ताई वाढते आहे, दाराकडे पाहत नाही. तिची धाकटी माझ्या पाठीला टेकून बसली आहे. ती दोन पानं उघडून ठेवली. मिटली. पुन्हा उघडली. बोललो तर या घराचं काय होईल ते दिसतं. न बोललो तर काय होईल तेही दिसतं, नाल्यापलीकडे जाऊन पाहिलं आहे.
लोटा खळखळला. सुपरवायझर हात धुवायला अंगणात आले आहेत. टॉवेल द्यायला कोणीतरी उठायला हवं.