कटकट मावशीचा उजवा हात

प्रिय ताई,

अक्षर ओळखलं असशीलच. पत्र फाडून टाकायचं असेल तर टाक, पण आधी वाच. आज माझं डोकं इतकं फिरलंय की कुणाशी बोलल्याशिवाय घास घशाखाली उतरायचा नाही, आणि या विषयावर बोलायला तुझ्याशिवाय मला कुणी उरलेलं नाही. आमच्या ह्यांना सांगायला गेले, तर म्हणाले, अगं लाकडाची बाहुली ती, एवढं काय जिवाला लावून घेतेस. चाळीस वर्षं त्या लाकडाचा भुसा ह्यांच्या ताटात पडत होता आणि तरी माणूस असं बोलतो. मी वहीची पानं फाडली आणि लिहायला बसले.

परवा तुझी भाची मला संग्रहालयात घेऊन गेली. आपल्या भागातल्या कलांचं मोठं प्रदर्शन भरलंय, चार दालनं, वर्षभर चालणार आहे म्हणे. दारातच एक बाई सगळ्यांच्या मनगटाला कागदी पट्टी चिकटवत होती, गुरांना बिल्ला मारतात तशी. पहिल्या दालनात वाद्यं. काचेत ठेवलेली, खाली एक बटण. मी तंतुवाद्याचं बटण दाबलं तर आतून बासरी वाजली. तिथल्या माणसाला सांगितलं, तर तो म्हणाला, आजी, वाजतंय ना, मग झालं. दुसऱ्या दालनात हल्लीच्या कुणा मोठ्या कलावंतानं नाचणाऱ्यांचे जुने बूट छतापासून टांगलेत, तीनशे तरी असतील, न धुतलेले, घामानं काळे पडलेले. त्या बंद खोलीत असा आंबूस वास की मी पदर नाकाला लावला. लोक मात्र माना वर करून अहाहा करत होते आणि बुटांखाली उभे राहून फोटो काढत होते. त्या बुटांच्या मालकांपैकी एकाचंही नाव कुठे नव्हतं. कलावंताचं मात्र भिंतभर होतं.

मधल्या चौकात नाचाचा कार्यक्रम चालू होता. पाच मुली जीव तोडून नाचत होत्या आणि त्यांच्यापासून दोन हातांवर लोक कॉफीचे पेले घेऊन गप्पा छाटत होते. एका गृहस्थानं रिकामा पेला चक्क नाचायच्या जागेच्या कडेला ठेवला. कडेच्या मुलीनं गिरकी घेता घेता पायानं तो हळूच बाजूला सारला, चेहऱ्यावरचं हसू न हलवता. मला त्या गृहस्थाचे कान उपटावेसे वाटले. तू असतीस तर उपटले असतेस, बाहुल्या नाचवायच्या फळीवरून खाली उतरून. आठवतं, पहिल्या रांगेत घोरणाऱ्या वकिलाच्या नाकाला तू बाहुलीच्या हातानं गुदगुल्या केल्या होत्यास? सगळं थिएटर लोळलं होतं.

आणि मग चौथं दालन. ताई, तिथे आपली कटकट मावशी होती.

मला आधी ओळखूच आली नाही. पाठीत खिळा ठोकून भिंतीला अडकवलेली, मान खाली, दोऱ्या गुंडाळून छातीवर बांधलेल्या. चेहऱ्यावर असलं चकचकीत रोगण फासलंय की ती नुकतीच तेलात बुडवून काढल्यासारखी दिसते. लुगडं मात्र मीच शिवलेलं, त्यावरून कळलं. आणि मग हाताकडे नजर गेली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन्ही हात सारखे! सारखे केलेत त्यांनी. उजवा हात कोपराच्या वर कापून दोन बोटं आखूड केलाय, सांध्यावर पुट्टी भरून रंगवलाय. खाली पाटी. मी ती तीनदा वाचली म्हणून शब्दन् शब्द सांगते: उजवा हात डाव्यापेक्षा लांब असण्याचा मूळचा दोष जतनकार्यात दूर करण्यात आला आहे.

दोष म्हणे. तू फळीवरून पडलीस त्या वर्षी मी तो हात घडवला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की खांद्यामुळे तुझा उजवा हात आता छातीच्या वर जाणार नाही, आणि तू रडून रडून डोळे सुजवून घेतले होतेस, कारण मावशीचं सगळं भांडण उजव्या हातात होतं. बोट नाचवून तिनं आख्ख्या गावाला शिव्या घालायच्या, आणि तुझ्याच्यानं दोरी चार बोटांच्या वर उचलवेना. हात कुठवर जातो ते तू दरवेळी दोन बोटं वाढवून सांगायचीस, त्यात मी तीन हात फुकट घालवले. चौथ्याला कोपर गोठवलं, दोरी मनगटावरून काढून कोपरावर बांधली आणि हात लांब केला. तू नुसतं खुट्टदिशी ओढायचीस आणि मावशीचा हात सपकन थेट आभाळात जायचा. लोकांना वाटायचं हा काय खट्याळपणा शोधून काढलाय. कुणाला माहीत होतं की तो तुझ्या दुखऱ्या खांद्याचा झटका आहे? ती बाहुली मी लाकडाची केली, पण माप तुझ्या अंगाचं होतं. आता तिथे जी टांगलीय तिची दोरी पुन्हा मनगटाला बांधलीय. ती कुणावर बोट उगारू शकत नाही. मुकी करून ठेवलीय तिला.

मी तिथेच ओरडायला लागले. भाची माझा पदर ओढत होती, आई, लोक बघतायत. बघू देत म्हटलं. शेवटी तिथले अधिकारी आले, गळ्यात ओळखपत्र, हात पुढे केला तर तो घामानं चिकट. मी म्हटलं, कुणाच्या परवानगीनं कापलात? आणि ही दुसरी ओळ काय आहे, चालवणारा कलाकार: अज्ञात? बावीस वर्षं जिनं ही बाहुली नाचवली ती अज्ञात? ते गृहस्थ शांत होते. म्हणाले, बाई, हात असा का होता ते सांगणारं कुणी असतं तर आम्ही कशाला कापला असता? कपाटातून एक कागद काढून त्यांनी माझ्यापुढे धरला.

ताई, आता हे लिहायच्या आधी तीनदा उठून पाणी पिऊन आले.

तो कागद मी भरलेला होता. अक्षर माझं, सही माझी. तू अकरा वर्षांपूर्वी पोस्टकार्ड पाठवलं होतंस, बाहुल्यांची कंपनी बंदच झालीय तर मावशी तरी मला दे, आणि मी तुला कळवलं होतं की बाहुल्यांच्या पेटीला वाळवी लागली, मावशी गेली. वाळवी कुठली. पेटी माझ्या पलंगाखाली धड होती. मी तुझ्यावर जळत होते. शेवटच्या प्रयोगाला मी तुला सगळ्यांसमोर म्हटलं होतं ना, आता तुझ्याच्यानं होत नाही, दुसऱ्या कुणाला दोऱ्या दे? तू दोऱ्या बांधलेली लाकडी फुली माझ्या हातात ठेवलीस आणि चपला घालून निघून गेलीस, वळून बघितलं नाहीस. मला वाटलं होतं तू भांडशील. तू भांडली असतीस तर मी माफी मागितली असती, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले, आणि तेही खोटंच आहे. टाळ्या तुला पडायच्या आणि मी पडद्यामागे डिंक ढवळत बसायची, ते मला सलत होतं. मग संग्रहालयाची माणसं आली, म्हणाली, निर्मिती म्हणून भिंतीवर तुमचं नाव लावू. मी भाळले. कागदावर एक रकाना होता, चालवणाऱ्या कलाकाराचं नाव आणि बाहुलीची काही खास ठेवण असल्यास ती. तिथे तुझं नाव लिहिलं तर त्यांनी तुला बोलावलं असतं आणि वाळवी उघडी पडली असती. म्हणून मी तो रकाना कोरा ठेवला. तेव्हा त्या चिकट हाताच्या माणसानं काही केलेलं नाही. करवत मी दिलीय. बूट टांगणाऱ्या त्या कलावंताला मी नावं ठेवत होते, आणि पाटीवर माझं नाव चांगलं ठळक आहे. ते वाचून मला स्वतःची अशी शिसारी आली की भाचीच्या हातचं पाणीही नको वाटलं. तिला मी घरी आल्यावर सगळं सांगितलं. ती माझ्याशी परवापासून बोलत नाहीये.

पुढच्या महिन्यात ते मावशीला साफसफाईसाठी भिंतीवरून काढणार आहेत. अधिकारी म्हणाले, चालवणारी बाई स्वतः येऊन दाखवत असेल तर नवा हात बसवू, पाटी बदलू. रकाना मी तिथेच उभ्या उभ्या भरून आले, तुझं पूर्ण नाव, माहेरचंसुद्धा. काल लाकूड आणलं आणि हात तासायला घेतलाय. पण दोरी कुठे बांधायची ते मला ठरवता येत नाही, कारण तुझा हात आता कुठवर जातो ते मला माहीत नाही. इतक्या वर्षांत मी विचारलंच नाही. म्हणून हे पत्र. माफ कर असं लिहायचं तोंड मला नाही. तू फक्त दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहा, उजवा हात जेवढा जाईल तेवढा वर कर, सूनबाईला पेन्सिलीनं खूण करायला सांग आणि कमरेपासून त्या खुणेपर्यंत किती बोटं भरतात ते मला कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल, नुसता आकडा पाठव. आणि खरा पाठव, मागच्या वेळेसारखा दोन बोटं वाढवून नको.

तुझीच,
धाकटी