चिमटीतलं तेल

सोमवार, ३
लागले बाई एकदाची नोकरीला! टाकी माझ्या तिप्पट उंच. आत बुरशी. ती सूर्यफुलाचं तेल खाऊन वाढते आणि वाळवली की तिचं प्रथिनांचं पीठ होतं. थोडक्यात, मी बुरशीची आया. घरी सहा महिन्यांची गुब्बी, इथे ही. शिकवणारे काका इतके वाळलेले की सगळे त्यांना काडीकाका म्हणतात. त्यांनी युक्ती सांगितली: हातमोजा काढून टाकीतला थेंब चिमटीत चोळायचा. बुळबुळला तर तेल शिल्लक आहे, कोरडा लागला तर तिला भूक लागलीय, आणखी ओतायचं. यंत्राचा आकडा यायला तास लागतो, चिमटीला क्षण. स्वतः त्यांनी मोजा काढला नाही. मला लगेच जमलं. हात चांगला आहे तुझा, म्हणाले. मी हरखूनच गेले.

गुरुवार, ६
बोटं कोरडी पडलीत. तेल चोळलं की घटकाभरात जिरतं. काका म्हणतात, सवय होईल. सकाळी गुब्बीला मालीश केली, खिदळत होती नुसती. तिच्याही अंगात तेल पटकन जिरलं. ह्यांचं म्हणणं, हवाच कोरडी आहे.

मंगळवार, ११
डबा खाताना काकांचे हात दिसले. हाडांवर नुसती कातडी, रेघांतून पांढरी लव. विचारलं तर म्हणाले, अंगाला तेल लावू नकोस, जिथे जास्त तेल तिथे ती बुरशी जाते, आधीचं अंग सोडून, मग आतली चरबी खाते. हे आधी का नाही सांगितलं? तुझ्या घरी बाळ आहे हे ठाऊक नव्हतं, म्हणाले आणि रडायला लागले. मला त्यांचा गळा दाबावासा वाटला.

बुधवार, १२
गुब्बी किलोभर उतरलीय. सारखी दूध पिते, तरी. मांडीच्या वळीत पांढरी लव. पुसली. परत आली — डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्हाला झोपेची गरज आहे. आणि बाळाला तेल चोळा.

शुक्रवार, १४
हातमोजे घालूनच उचलून घेते गुब्बीला. तेलाची बाटली लपवली. हे चिडलेत, वेड लागलंय का म्हणतात.

शनिवार, १५
दुपारी रडणं थांबलं. शांत झोपली, असं ह्यांचं म्हणणं. मोजा काढून गाल चिमटीत धरला. कोरडा — भूक लागलीय तिला, त्या दुसरीला —

न्हाणीघरात बसलेय. अख्खी बाटली अंगावर ओतली. ये, इकडे ये, माझ्यात भरपूर आहे, तिला सोड —

येतेय. दंडावर पांढरं —

गुब्बी रडली! जोरात! सुटली माझी बाई —

बाहेरून हे ओरडून सांगतायत, नवी बाटली आणलीय, मीच चोळतो तिला — नको — कडी उघडत नाही, बोटं बुळबुळ